ऑर्कनी-शेटलंडची गावं आणि त्यांची नॉर्स नावं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी अ‍ॅबर्डीनला राहतो आणि इथून रात्रीची बोट पकडून शेटलंडला किंवा ऑर्कनीला जायची मला सवय लागलीये. परत आल्यावर घरच्यांना, मित्रांना फोटो पाठवले की फोटोबद्दल कोणी काही बोलत नाही, "हे कसलं नाव रे?" एवढंच येतं. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी सगळे एका जागी लिहून काढले. सोप्यापासून सुरुवात आहे, पुढे गुंता वाढत जातो. एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा आहे म्हणून मध्ये मध्ये "अमुक नंबर बघा" असं येईल, तेवढं चालवून घ्या.

१. ही बेटं नेमकी कुठे आहेत, आणि नॉर्स म्हणजे व्हायकिंगच ना?

स्कॉटलंडचं उत्तर टोक संपलं की समुद्रात आधी ऑर्कनी लागतं, सत्तरेक बेटं, आणि तिथून बरंच पुढे शेटलंड, शंभरेक बेटं. त्यातल्या बहुतेकांवर माणूस राहत नाही, मेंढ्या आणि पक्षी. शेटलंडचं मुख्य गाव लर्विक, आणि लर्विकहून एडिंबरापेक्षा नॉर्वेचं बर्गन जवळ पडतं. हे एकदा नकाशावर बघून घ्या, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं.

नॉर्स म्हणजे त्या काळी स्कँडिनेव्हियात बोलली जाणारी भाषा आणि ती बोलणारी माणसं. व्हायकिंग हा खरं तर उद्योग झाला, जहाज घेऊन लुटीला जायचा. बेटांवरची नावं लुटारूंनी ठेवलेली नाहीत, बायकापोरं आणि गुरं घेऊन जमीन कसायला आलेल्या लोकांनी ठेवलीत. लूट करून निघून जाणारा माणूस कशाला प्रत्येक खडकाला नाव देत बसेल?

२. पण ही तर स्कॉटलंडची बेटं, मग स्कॉटिश नावं का नाहीत?

कारण १५व्या शतकापर्यंत ही स्कॉटलंडची नव्हतीच. साधारण ९व्या शतकापासून इथे नॉर्स वस्ती आणि नॉर्वेच्या राजाच्या नावाने कारभार करणारे 'यार्ल', म्हणजे सरदार. पुढे नॉर्वे आणि डेन्मार्कचा राजा एकच झाला.

आणि मग हुंडा! डेन्मार्क-नॉर्वेचा राजा क्रिस्टियन पहिला, त्याची मुलगी मार्गारेट, नवरदेव स्कॉटलंडचा राजा जेम्स तिसरा. हुंडा ठरला ६०,००० फ्लोरिन आणि बापाकडे रोकड नाही. मग १४६८ मध्ये ५०,००० च्या बदल्यात ऑर्कनी गहाण टाकलं, उरलेले १०,००० रोख द्यायचे होते तेही जमेनात, म्हणून १४६९ मध्ये ८,००० साठी शेटलंड पण गहाण. हातात पडले फक्त २,०००. गहाण काही सुटलं नाही आणि १४७२ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने बेटं ताब्यातच घेऊन टाकली. तर स्कॉट लोक मोठ्या संख्येने आले तोवर बहुतेक प्रत्येक शेताला, ओढ्याला, खडकाला नाव पडून पाचेकशे वर्षं झालेली होती.

३. ऑर्कनी या नावाचा अर्थ काय? कोणी सांगतं सील, कोणी सांगतं डुक्कर.

दोघंही बरोबर आहेत, वेळ वेगवेगळी. नॉर्स लोक यायच्या कितीतरी आधीपासून ग्रीक आणि रोमन लेखकांच्या लिखाणात 'ऑर्कस' आणि 'ऑर्केडीज' अशी नावं येतात. त्यातला 'ऑर्क' हा केल्टिक शब्द धरतात, अर्थ डुकराचं पिल्लू किंवा रानडुक्कर, बहुधा तिथल्या एखाद्या टोळीचं नाव. नॉर्स लोकांच्या कानाला ते त्यांच्या 'ऑर्क्न' सारखं लागलं, म्हणजे सील. किनाऱ्यावर सील तर पडलेलेच असतात! मग त्याला बेटांसाठीचा आपला शब्द 'एयार' जोडला आणि झालं ऑर्क्नेयार. डुकराचा सील झाला.

आता गंमत म्हणजे 'ऑर्कनी'च्या शेवटचा 'ई' हाच मुळी बेटं सांगतो. त्यामुळे 'ऑर्कनी आयलंड्स' म्हणजे आपलं 'पिवळं पितांबर'.

४. शेटलंडचा पिनकोड झेड-ई ने सुरू होतो, तो का?

जुनं नॉर्स नाव 'ह्याल्टलँड'. सुरुवातीचा 'ह्य' बोलता बोलता 'श' झाला, ते आजचं शेटलंड. पण स्कॉट्स भाषेत (स्कॉटलंडमधली, इंग्रजीची सख्खी बहीण) तो आवाज लिहायला 'योख' नावाचं जुनं अक्षर वापरायचे. छापखाने आले तेव्हा खिळ्यांमध्ये ते अक्षरच नव्हतं, दिसायला झेडसारखं म्हणून झेड लावून मोकळे झाले. म्हणून 'झेटलंड', आणि १९७५ पर्यंत तिथल्या काउंटी कौन्सिलचं अधिकृत नाव तेच होतं. पिनकोडात ते अजून राहिलंय. 'मेंझीस' लिहितात ते स्कॉटिश आडनाव जुनी माणसं 'मिंगिस' म्हणतात, तो पण याच अक्षराचा प्रताप.

'ह्याल्ट' म्हणजे तलवारीची मूठ. नाव त्यावरूनच पडलं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे "नकाशा मुठीसारखा दिसतो म्हणून" असं गाईडने सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

५. प्रत्येक बेटाच्या शेवटी 'से', 'डे', 'रे' कशाला?

तो एकच शब्द आहे, 'एय' म्हणजे बेट. आधीचं अक्षर त्याला चिकटून येतं म्हणून वेगळा वाटतो. सँडे म्हणजे वाळूचं बेट (रविवारशी संबंध नाही, हा जोक तिथे करू नका, त्यांनी हजार वेळा ऐकलाय), वेस्टरे पश्चिमेचं, हॉय म्हणजे 'हा-एय', उंच बेट, आणि बोटीतून त्याचे कडे बघितले की दुसरं काही सुचणारच नाही. फ्लोटा सपाट बेट. फारा मेंढ्यांचं बेट, फेरो बेटांच्या नावातही त्याच मेंढ्या. ईडेच्या मधोमध जमिनीची कंबर आहे, तिला 'एइद' म्हणतात, म्हणून ईडे. काही माणसांच्या नावाची: राउझे म्हणजे ह्रोल्फचं, ग्रेमसे ग्रिमचं, कॉपिनसे कोल्बेनचं.

शेटलंडमध्ये हाच 'एय' बहुतेक ठिकाणी नुसता 'आ' होऊन बसलाय. फूला म्हणजे पक्ष्यांचं बेट, बरा म्हणजे 'बोर्ग' असलेलं बेट. बोर्ग म्हणजे गढी, इथे लोहयुगातले दगडी गोल बुरूज, ज्यांना आता 'ब्रॉख' म्हणतात. ऑर्कनीतलं बरे आणि शेटलंडमधलं बरा ही एकाच नावाची दोन रूपं, आणि कागदपत्रात त्यांचा घोळ होतोच.

६. विक, व्हो, नेस, ग्यो, एअर... या शेपट्यांचे अर्थ एकदा सांगून टाका.

हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे लांबेल.

आधी एक लक्षात घ्या की ही नावं बहुतेक बोटीत बसून ठेवलीत. रस्ते नव्हते, सगळं येणं-जाणं पाण्यावरून, त्यामुळे किनाऱ्याची प्रत्येक कड नावात वेगळी केलेली आहे. आपल्याकडे कोकणातला माणूस खाडी, बंदर, पुळण, खडप हे एकमेकांत मिसळू देत नाही, तसंच. 'वीक' म्हणजे उघडं, आत वळलेलं बंदर. लर्विक म्हणजे 'लेइर-वीक', चिखलाचं बंदर, एवढं छान टुमदार गाव आणि अर्थ चिखल. सँडविक वाळूचं. 'वाग्र' म्हणजे लांब, चिंचोळी, आत घुसलेली खाडी, शेटलंडमध्ये तिचं 'व्हो' झालंय. तेल कंपन्यांत काम करणाऱ्या बऱ्याच मराठी लोकांना माहीत असलेलं सलम व्हो टर्मिनल अशाच खाडीवर आहे. हॅम्नाव्हो म्हणजे बंदराची खाडी. ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसचं पण जुनं नाव हॅम्नाव्होच.

'नेस' म्हणजे समुद्रात घुसलेलं टोक. स्ट्रॉमनेस, प्रवाहाचं टोक, आणि तिथल्या पाण्याची ओढ बघितली की पटतं. 'ग्यो' (लिहितात जिओसारखं, म्हणायचं ग्यो) म्हणजे कड्यात समुद्राने कापलेली अरुंद घळ. 'स्केरी' म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे खडक. 'होम' म्हणजे छोटं बेट, जिथे फार तर मेंढ्या सोडतात. 'स्टॅक' म्हणजे पाण्यात एकटा उभा सुळका. 'होप' म्हणजे बंदिस्त खाडी, ऑर्कनीत सेंट मार्गारेट्स होप नावाचं गाव आहे, त्याचा आशा-निराशेशी काही संबंध नाही. 'एअर' म्हणजे लाटांनी रचलेली गोट्यांची किंवा वाळूची पट्टी. 'नूस्ट' म्हणजे बोट ओढून ठेवायला किनाऱ्यावर खणलेली जागा, जहाजाच्या आकाराचे ते खड्डे अजून दिसतात.

आणि 'एइद', वर ईडेमध्ये आला तो. दोन समुद्रांच्या मधली जमिनीची अरुंद पट्टी. हिला एवढं महत्त्व का, तर इथे बोट खांद्यावर घेऊन किंवा ओढत पलीकडे नेता येते, सगळ्या बेटाला वळसा वाचतो. शेटलंडमध्ये मेव्हिस ग्रिंड म्हणून जागा आहे, नावाचा अर्थ 'चिंचोळ्या पट्टीचं फाटक', एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र, आणि दोन्हींमध्ये जेमतेम एक रस्ता मावतो.

७. कर्कवॉलमध्ये चर्चची भिंत कुठे आहे? मी गेलो होतो, दिसली नाही.

नाहीच आहे. मूळ नाव 'किर्क्यूवाग्र', चर्चची खाडी, वाग्र म्हणजे तोच ६ नंबरमधला. सगळ्यांना वाटतं चर्च म्हणजे ते लाल दगडाचं भव्य सेंट मॅग्नस कॅथेड्रल, पण त्याचं बांधकाम ११३७ मध्ये सुरू झालं आणि नाव त्याच्या आधीचं धरतात, सेंट ओलाफच्या जुन्या छोट्या चर्चवरून पडलेलं.

भिंत आली कुठून ते बघा. वाग्र झिजत झिजत लोकांच्या तोंडी 'वॉ' झालं. आता स्कॉट्समध्ये इंग्रजी 'वॉल'चा उच्चार पण 'वॉ'च. मग दप्तरात लिहिणाऱ्या शहाण्याला वाटलं की हे गावंढळ लोक 'वॉल'ला 'वॉ' म्हणतायत, आपण शुद्ध करून लिहू. झाली भिंत! शेटलंडच्या पश्चिमेला वॉल्स नावाचं गाव आहे, तेही असंच, मूळ अर्थ 'खाड्या', आणि गावचे लोक अजून 'वॉझ' म्हणतात. मी बसमध्ये ऐटीत "वॉल्स" म्हणून तिकीट मागितलं तर शेजारच्या आजींनी ड्रायव्हरच्या आधी मला दुरुस्त केलं. तेव्हापासून माझा नियम, पाटी वाचायची नाही, आधी कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं.

८. टिंगवॉलमध्ये पण वॉल आहे, म्हणजे तीही खाडी?

नाही! हीच तर फसगत. टिंगवॉल म्हणजे 'थिंग-व्होलर', सभेचं मैदान. थिंग म्हणजे न्यायनिवाडा आणि कायदा करायला भरणारी सभा. शेटलंडची ही सभा टिंगवॉलच्या तळ्यातल्या लॉ टिंग होम नावाच्या जागी १६व्या शतकापर्यंत भरायची. आइसलंडचं थिंगवेलीर, आइल ऑफ मॅनची संसद टिनवाल्ड, स्कॉटलंडच्या उत्तरेचं डिंगवॉल, हे सगळं एकच नाव आहे, चार ठिकाणी चार तोंडांतून बाहेर पडलेलं.

म्हणजे एकाच 'वॉल'खाली खाडी आणि मैदान दोन्ही लपलेत. ओळखायचं कसं ते १५ नंबरला.

९. शेतांच्या नावात बिस्टर, स्टर, क्वॉय येतं ते काय?

'बिस्टर' म्हणजे 'बोलस्तादर', वस्ती असलेलं शेत, आपल्या वाडीच्या जवळपासचा शब्द. ऑर्कनीत कर्बिस्टर आणि शेटलंडमध्ये कर्काबिस्टर, दोन्ही म्हणजे चर्चची वाडी. 'स्टर' किंवा 'सेटर'मध्ये दोन जुने शब्द मिसळलेत, एक राहण्याची जागा आणि दुसरा उन्हाळ्यात गुरं घेऊन जायची कुरणावरची जागा, आणि आता वेगळे करणं बहुतेक वेळा अशक्य. 'गार्थ' म्हणजे कुंपण घातलेली जमीन. 'स्केल' म्हणजे मोठं दालन असलेलं घर. 'क्वॉय' म्हणजे 'क्वी', गुरांचं वाडगं.

ऑर्कनीचे ह्यू मारविक यांनी या सगळ्यावर आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं की शेताच्या नावावरून ते कधी वसलं याचा क्रम लावता येतो, कारण क्वॉयवाल्या शेतांवर जुना शेतसारा सहसा नाही, म्हणजे ती उशिरा लागवडीखाली आली. कल्पना सुंदर आहे, पण नंतरच्या अभ्यासकांनी तिला बरीच भोकं पाडली: शेत लहान, जमीन हलकी म्हणूनही नाव वेगळं पडू शकतं, त्यासाठी ते नंतरचंच असायला पाहिजे असं नाही. मला स्वतःला हा आक्षेप पटतो.

ज्या पाटीपाशी इंग्रज टुरिस्ट खिदळत फोटो काढतात ते ट्वॉट गाव (इंग्रजीत तो अचकट शब्द आहे) म्हणजे 'थ्वेइत', तोडून वेगळा केलेला जमिनीचा तुकडा. उत्तर इंग्लंडच्या गावांत त्याचाच 'थ्वेट' झाला आणि तिथून ब्रेथवेट हे आडनाव आलं, 'रुंद तुकडा'. २०१६ च्या फायनलला लागोपाठ चार सिक्स मारणाऱ्या कार्लोसचं आडनाव नॉर्स आहे हे कळल्यावर मी तीन दिवस सगळ्यांना सांगत होतो.

१०. आपल्या 'कर' सारखी गावावरून आडनावं तिकडे आहेत का?

ऑर्कनीत भरपूर, फक्त 'कर' लावत नाहीत, शेताचं नाव जसंच्या तसं घेतात. इझबिस्टर, फूबिस्टर, लिंकलेटर, रेंडल, क्लाउस्टन, सगळी शेतांची किंवा गावांची नावं. हडसन्स बे ही फरचा व्यापार करणारी कंपनी कॅनडात कामाला नेण्यासाठी ऑर्कनीची पोरं स्ट्रॉमनेसहून जहाजावर घ्यायची, त्यामुळे कॅनडात पण इझबिस्टर भेटतात. शेटलंडमध्ये मात्र बापाच्या नावाला 'सन' किंवा 'डॉटर' लावायची पद्धत फार उशिरापर्यंत टिकली, पार १९व्या शतकात येईपर्यंत, म्हणून तिथे जॉन्सन, अँडरसन ढिगाने.

११. नॉर्थ रोनाल्डसे आणि साउथ रोनाल्डसे ही एकाच रोनाल्डची दोन बेटं का?

असंच वाटतं, आणि एक ऑर्कनीच्या उत्तर टोकाला, दुसरं दक्षिणेला म्हटल्यावर शंका पण येत नाही. पण दक्षिणेचं 'रोग्नवाल्डसेय', रोग्नवाल्ड नावाच्या माणसाचं बेट. उत्तरेचं जुन्या लिखाणात 'रिनान्सेय' असं येतं, ते संत निनियनशी जोडतात, कारण स्कॉटलंडमध्ये निनियनला रिंगन पण म्हणायचे. म्हणजे दोन वेगळी नावं घासून घासून सारखी झाली आणि मग वेगळी ओळखायला नॉर्थ-साउथ लावावं लागलं. अशी गत इतरही ठिकाणी असते, म्हणून आजच्या स्पेलिंगवरून अर्थ काढणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एगिलसे बेटाचा वाद अजून चालू आहे: एगिल नावाच्या माणसाचं, की त्यात चर्चसाठीचा गेलिक (स्कॉटलंडमधली केल्टिक भाषा) शब्द आहे? बेटावर जुनं चर्च आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना जोर.

१२. शेटलंडमध्ये लिंगा आणि पापा नावाची बेटं आहेत, हे आपल्याकडून गेलं का?

लिंगावरून मला व्हॉट्सअ‍ॅपवर जे काय येतं ते विचारू नका. लिंगा म्हणजे 'लिंग-एय'. 'लिंग' म्हणजे हीदर, ते जांभळ्या फुलांचं खुरटं झुडूप, आणि 'एय' बेट. शेटलंडमध्ये या नावाची एकापेक्षा जास्त बेटं आहेत कारण हीदर सगळीकडेच उगवतं. शिवलिंगाशी काडीचाही संबंध नाही.

पापा मात्र खरोखर वडिलांशी जोडलेलं आहे, पण लॅटिनमधून. नॉर्स लोक आले तेव्हा काही बेटांवर ख्रिस्ती साधू होते, त्यांना ते 'पापार' म्हणायचे, पाद्रीबाबा या अर्थी. पापा स्टूर म्हणजे पाद्रींचं मोठं बेट. पापा वेस्टरे म्हणजे वेस्टरेजवळचं पाद्रींचं बेट, आणि वेस्टरेहून तिथे जाणारं विमान जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण आहे, दोन मिनिटांत संपतं.

संस्कृतशी नातं विचारायचंच असेल तर ते वेगळ्या जागी आहे, खरं आहे, पण चुलत आहे. 'नेस' हा शब्द नाकाच्या घराण्यातला, इंग्रजी 'नोझ' आणि संस्कृत 'नासा' एकाच मुळाचे, आणि शेटलंडचं नॉस बेट म्हणजे तर सरळ नाकच. मकल रो बेटाच्या 'रो'मध्ये 'राउदर' म्हणजे लाल आहे, तिथले कडे लाल ग्रॅनाइटचे, आणि त्या राउदरचा चुलतभाऊ आपला 'रुधिर'. 'मकल' म्हणजे मोठं, तो 'महा'च्या कुळातला. दोन्ही भाषांचा पूर्वज हजारो वर्षांपूर्वीचा एक, एवढाच अर्थ. व्हायकिंग संस्कृत बोलत नव्हते, प्लीज.

१३. नॉर्स यायच्या आधी लोक होतेच की. त्यांची नावं कुठे गेली?

हा सगळ्यात अवघड आणि जरा अंगावर येणारा प्रश्न आहे. इथे पिक्ट लोक होते, त्यांच्याही आधी पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं आणि थडगी आहेत, म्हणजे बेटं ओसाड नव्हती. तरीही जमिनीवर पिक्ट नाव जवळजवळ उरलेलं नाही. ऑर्कनी हे नाव टिकलं (३ नंबर). शेटलंडमधल्या उन्स्ट, येल, फेटलर या तीन मोठ्या बेटांची नावं नॉर्समधून नीट सुटत नाहीत, म्हणून ती आधीची मानतात. बाकी बहुतेक सगळं पुसलं गेलं.

मग काय झालं असेल? एक गट म्हणतो माणसंच संपवली किंवा हाकलली, नाहीतर खेड्यापाड्यांतली निदान थोडी नावं तरी राहिली असती. दुसरा म्हणतो माणसं राहिली, लग्नं झाली, पण जमिनीचा मालक, सारा घेणारा, निवाडा करणारा सगळे नॉर्स बोलणारे, तेव्हा दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली आणि नावं पण गेली. उत्खननात दोन्ही बाजूंना हाताशी धरता येईल असं काही ना काही सापडतं. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिल्यांना उत्तर देता येत नाही हेही खरं.

पिक्टांची एक आठवण मात्र नॉर्स लोकांनीच ठेवली: ऑर्कनी आणि मुख्य स्कॉटलंडमधल्या समुद्राला ते 'पेटलँड्स-फ्योर्द' म्हणायचे, पिक्टांच्या देशाची सामुद्रधुनी, आजचा पेंटलंड फर्थ. एडिंबराजवळच्या पेंटलंड टेकड्या वेगळ्या, त्यांचं नाव दुसरीकडून आलंय.

१४. सदरलंड म्हणजे दक्षिणेचा देश, पण तो तर स्कॉटलंडच्या उत्तरेला आहे?

ऑर्कनीत उभं राहून बघा, आहे की दक्षिणेला. नाव ठेवणारा तिथे बसलेला होता. तसंच स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांना ते 'सुदरेयार', दक्षिणेची बेटं म्हणायचे, आणि आइल ऑफ मॅनच्या बिशपच्या पदवीत 'सोडर अँड मॅन' असा तो शब्द अजून आहे.

१५. मला स्वतःला नाव ओळखायचं असेल तर? शेवटी 'विक' दिसलं की नॉर्स धरू का?

नका धरू. बेरिक (लिहिताना बेरविक) या गावाच्या नावातला 'विक' जुन्या इंग्रजीतला आहे, बार्लीचं शेत, बंदर नाही.

मी करतो ते असं. पहिलं, गावचे लोक काय म्हणतात ते ऐकायचं (७ नंबरमधल्या आजी). दुसरं, सगळ्यात जुनी नोंद शोधायची. ऑर्कनीचं नशीब चांगलं, १४९२ आणि १५०० ची सारावसुलीची दप्तरं शिल्लक आहेत, शेतांची नावं ओळीने, आणि साधारण १२०० च्या सुमाराला आइसलंडमध्ये लिहिलेल्या ऑर्कनेयिंगा सागात (ऑर्कनीच्या यार्लांची कथा) बेटांची जुनी रूपं मिळतात. तिसरं, जागेवर जाऊन बघायचं. टिंगवॉलला खाडीचा फाटा नाही, तळ्याकाठचं सपाट मैदान आहे, तिथे वाग्रचा प्रश्नच मिटतो. आणि चौथं, नाव फार छान व्हायकिंग वाटायला लागलं तर संशय घ्यायचा, त्यासाठी पुढचा प्रश्न.

१६. शेटलंडमधलं ते जुन्या अवशेषांचं ठिकाण, यार्ल्सहॉफ, हे तर अस्सल नॉर्स ना? नावातच यार्ल आहे!

नावात यार्ल आहे आणि जमिनीखाली खरीखुरी नॉर्स घरं पण निघालीत, तरी नाव बनावट. ते सर वॉल्टर स्कॉटने ठेवलंय. तो १८१४ मध्ये शेटलंडला येऊन गेला आणि नंतर कादंबरीत तिथल्या पडक्या घराला हे नाव दिलं. ते पडकं घर नॉर्स काळानंतरचं, आणि त्याच्या पायाशी नॉर्स आणि त्याहून जुनी वस्ती आहे हे पुढे कळलं. चुकून बरोबर लागलेला नेम.

लर्विकमध्ये किंग हेराल्ड स्ट्रीट, सेंट ओलाफ स्ट्रीट असे रस्ते आहेत, ते पण १९व्या शतकातले, गाव वाढलं आणि नॉर्स अभिमानाची लाट होती तेव्हाचे. जानेवारीत जहाज जाळतात तो अप हेली आ उत्सव आजच्या रूपात त्याच काळात घडला. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पण हजार वर्षांची परंपरा वगैरे म्हणू नये.

१७. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर हेच सगळं लागू होतं का?

अर्धवट. हेब्रिडीजमध्ये नॉर्स नावं पुष्कळ, पण त्यावर नंतर गेलिक भाषेचा थर चढला, म्हणून तोंडवळा बदलतो. ९ नंबरमधला बोलस्तादर तिथे 'बॉस्ट' होतो, लुइस बेटावर शॉबॉस्ट, लरबॉस्ट. मुख्य किनाऱ्यावरच्या अलापूलमधला 'पूल' पण पूल नाही नि तलाव नाही, तोच बोलस्तादर आहे. लुइसचं मुख्य गाव स्टोर्नोवे, त्याच्या शेवटी वाग्र लपलाय. सेंट किल्डा बेटांचं नाव तर कहर: किल्डा नावाचा संत कधी झालाच नाही, नकाशे काढणाऱ्यांच्या गोंधळातून जन्मलेला संत आहे तो, आणि नावामागे नॉर्समधला 'स्किल्दिर', ढाली, असेल असा एक अंदाज आहे.

१८. मग ती भाषा आता कोणी बोलतं का?

नाही. बेटांवर नॉर्सचं जे रूप झालं त्याला नॉर्न म्हणतात. हुंड्याच्या प्रकरणानंतर कोर्ट, चर्च, व्यापार सगळं स्कॉट्समध्ये गेलं आणि १८व्या शतकात नॉर्न बोलती राहिली नाही. उन्स्ट बेटावरचा वॉल्टर सदरलंड, जो साधारण १८५० ला वारला, त्याला शेवटचा जाणकार म्हणतात, पण त्याला किती येत होती यावर शंका घेतात.

तरी १८९३ मध्ये फेरो बेटांवरून याकोब याकोबसेन नावाचा भाषातज्ज्ञ शेटलंडला आला आणि १८९५ पर्यंत घरोघर फिरून त्याने म्हाताऱ्यांकडून सुमारे १०,००० शब्द गोळा केले, भाषा मेल्यावर! आजच्या बोलीत पण आहेत: मोठ्या स्कुआ पक्ष्याला 'बाँक्सी', बोटीच्या खड्ड्याला 'नूस्ट'.

१९. नकाशावर नसलेल्या जागांना पण नॉर्स नावं आहेत असं ऐकलं, खरं का?

हो, आणि त्यातल्या काही जागा पाण्यात आहेत. मासे कुठे लागतात ती जागा समुद्रात लक्षात कशी ठेवणार? शेटलंडचे कोळी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायचे, मग दुसरीकडच्या दोन, आणि रेषा जिथे छेदतील तिथे गळ टाकायचे. या खुणांना 'मीड' म्हणतात, नॉर्समधला 'मिद'. ही माहिती बापाकडून मुलाला, लिहून ठेवायची पद्धत नाही.

आणि खोल समुद्रात, ज्याला ते 'हाफ' म्हणतात, गेल्यावर जमिनीवरचे काही शब्द तोंडातून काढायचे नाहीत, अपशकून. त्यासाठी वेगळे शब्द, बहुतेक नॉर्नमधले. चर्चला किनाऱ्यावर 'कर्क' म्हणायचं, कर्कवॉलमधलं, पण बोटीत त्याला 'बॉनहूस', प्रार्थनेचं घर. पाद्रीचं नाव पण घ्यायचं नाही, त्याला नुसतं 'उभा राहणारा' म्हणायचं.